ऑक्सिडक कोण, क्षपणक कोण? यादी पाठ असूनही उत्तर का चुकतं

प्रश्न : मी कळव्याला राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता ठाण्यातल्या कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. रेडॉक्सच्या (ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या) धड्यात 'ऑक्सिडायझिंग एजंट' म्हणजे ऑक्सिडक आणि 'रिड्युसिंग एजंट' म्हणजे क्षपणक ओळखताना माझं हमखास उलटं होतं. क्लासमध्ये दिलेल्या दोन्ही याद्या पाठ आहेत, तरी चाचणीत दहापैकी तीनच गुण मिळाले. झिंक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रश्नात मी आम्लाला क्षपणक म्हटलं, कारण मँगनीज डायऑक्साइडच्या उदाहरणात ते क्षपणक होतं. ते चूक निघालं. आणखी एका प्रश्नात ऑक्सिडक म्हणून 'मँगनीज' लिहिलं, तर तोही गुण गेला. ओळखायची खात्रीची रीत कोणती? बारावीच्या प्रॅक्टिकललाही हेच लागतं असं सीनियर सांगतात.
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : तुझी चूक पाठांतरात नाही, त्या यादीवर ठेवलेल्या विश्वासात आहे. 'हायड्रोक्लोरिक आम्ल ऑक्सिडक आहे की क्षपणक?' या प्रश्नाला उत्तरच नाही. झिंकसमोर ते ऑक्सिडक ठरतं, मँगनीज डायऑक्साइडसमोर क्षपणक ठरतं, आणि कॉस्टिक सोड्यासमोर दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. एकच बाई माहेरी लेक असते आणि सासरी सून असते, तसं हे नातं आहे. समोर कोण आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून अभिक्रिया पूर्ण लिहायची, प्रत्येक अणूचा अंक म्हणजे ऑक्सिडेशन नंबर मांडायचा आणि मगच नाव द्यायचं. पुढचं वाचताना वही-पेन जवळ ठेव. मी इथे संयुगांची नावं लिहिली आहेत, त्यांची रेणुसूत्रं आणि समीकरणं तू वहीत मांडत जा. नुसतं वाचून हा विषय हाताला लागत नाही.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. शिक्षक दुसऱ्याला शिकवतो, रक्षक दुसऱ्याला राखतो. तसाच ऑक्सिडक हा समोरच्याचं ऑक्सिडीकरण करतो, स्वतःचं नाही. आता इलेक्ट्रॉनची भाषा घे. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण, मिळवणं म्हणजे क्षपण. एकाने गमावलेला इलेक्ट्रॉन हवेत तरंगत राहत नाही, तो दुसऱ्याला घ्यावाच लागतो. ऑक्सिडक समोरच्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतो, म्हणून समोरच्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ऑक्सिडकाचं स्वतःचं क्षपण होतं. मराठीतून शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे. 'क्षपण' या शब्दातच घट आहे, आणि क्षपणात अंक खरोखरच घटतो, कारण इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असतो. तेव्हा साखळी अशी बसव : अंक घटला, म्हणजे क्षपण झालं, म्हणजे तो पदार्थ ऑक्सिडक. अंक वाढला, म्हणजे ऑक्सिडीकरण झालं, म्हणजे तो पदार्थ क्षपणक. तुझं उलटं होतं ते या साखळीच्या शेवटच्या कडीवर. 'क्षपण झालं' इथवर बरोबर येऊन तू घाईने 'क्षपणक' लिहून मोकळी होत असणार. कॉलेजातल्या पुस्तकात ऑक्सिडंट आणि रिडक्टंट असेही शब्द येतील. ऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडक, रिडक्टंट म्हणजे क्षपणक.

दहावीत 'ऑक्सिजन मिळणं किंवा हायड्रोजन जाणं' अशी व्याख्या होती, ती खोटी नव्हती. ऑक्सिडीकरण हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिएच्या ऑक्सिजनवरच्या कामातून पुढे आलं, आणि इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला तो १८९७ साली. जुनी व्याख्या तांब्याच्या ऑक्साइडवरून हायड्रोजन वायू नेण्याच्या प्रयोगाला चालते, पण सोडियम आणि क्लोरीनपाशी अडते, कारण तिथे ना ऑक्सिजन आहे ना हायड्रोजन. सेंद्रिय रसायनशास्त्रात मात्र ती अजूनही सगळ्यांत पटकन उपयोगी पडते. इथेनॉलचं इथेनॉइक आम्ल होताना हायड्रोजन घटतो, ऑक्सिजन वाढतो, म्हणजे अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण झालं. अंकाने तपासलंस तर कार्बनची सरासरी −२ वरून ० वर येते. उत्तर तेच.

आता मुख्य हत्यार, ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले (+) किंवा मिळवले (−) असं धरायचं तो आकडा. त्यालाच मी नुसतं 'अंक' म्हणते. बहुतेक मुलं नियम आणि अपवाद असे दोन गठ्ठे पाठ करतात आणि अपवादांत बुडतात. त्याऐवजी नियमांचा क्रम पाठ कर, कारण क्रम पाळला की बहुतेक अपवाद आपोआप सुटतात. पहिला : मोकळ्या मूलद्रव्यात अंक ०, मग तो झिंकचा दाणा असो, क्लोरीनचा दोन अणूंचा रेणू असो की गंधकाचा आठ अणूंचा. दुसरा : एकाच अणूच्या आयनाचा अंक म्हणजे त्याचा प्रभार. तिसरा : संयुगातला फ्लोरीन नेहमी −१. चौथा : सोडियम-पोटॅशियमचा गण +१, मॅग्नेशियम-कॅल्शियमचा गण +२, ॲल्युमिनियम +३. पाचवा : हायड्रोजन +१. सहावा : ऑक्सिजन −२. राहिलेल्या अणूचा अंक बेरजेतून काढायचा. उदासीन रेणूत बेरीज ०, आयनात त्याच्या प्रभाराइतकी. दोन नियमांत भांडण झालं तर वरचा नियम जिंकतो.

हे करून पाहा. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाचवा नियम आधी लागतो, दोन हायड्रोजनचे मिळून +२. मग दोन ऑक्सिजनच्या वाट्याला मिळून −२, म्हणजे प्रत्येकी −१. 'पेरॉक्साइडात ऑक्सिजन −१' हा अपवाद वेगळा पाठ करायची गरजच पडली नाही. सोडियम हायड्राइडमध्ये सोडियम आधी +१ घेतो, म्हणून हायड्रोजन −१. पोटॅशियम सुपरऑक्साइडमध्ये एका पोटॅशियमला दोन ऑक्सिजन, म्हणून ऑक्सिजन प्रत्येकी −१/२. ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये दोन फ्लोरीन −२ घेऊन जातात आणि ऑक्सिजन चक्क +२ होतो.

ही रीत कुठे फसते तेही सांगायला हवं. क्रोमियमच्या एका अणूला पाच ऑक्सिजन असलेलं निळं पेरॉक्साइड घेतलं तर हिशोबाने क्रोमियम +१० येतो. क्रोमियमच्या बाह्य कक्षांत गमवायला इलेक्ट्रॉनच सहा आहेत, तेव्हा हे अशक्य. रचना पाहिली की कळतं, पाचपैकी चार ऑक्सिजन पेरॉक्साइड जोडणीत म्हणजे −१ आहेत आणि क्रोमियम +६ आहे. अंक गटक्रमांकाच्या पलीकडे गेला की थांबायचं आणि रचना काढायची. अमोनियम नायट्रेटमध्येही सरसकट हिशोब केलास तर नायट्रोजनचा +१ येतो, जो प्रत्यक्षात कुठल्याच अणूचा नाही. अमोनियम आणि नायट्रेट हे दोन आयन सुटे कर. एकात −३, दुसऱ्यात +५. क्षारांच्या बाबतीत आयन सुटे करण्याची सवय फार वेळ वाचवते. फेरिक सल्फेटमध्ये गंधक आणि ऑक्सिजन मोजत बसू नकोस. तीन सल्फेट म्हणजे −६, म्हणून दोन लोह मिळून +६, प्रत्येकी +३. झालं.

आता तुझी दोन उदाहरणं. झिंक आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून झिंक क्लोराइड आणि हायड्रोजन वायू होतो. झिंक ० वरून +२, म्हणजे वाढला, झिंक क्षपणक. हायड्रोजन +१ वरून ०, म्हणजे घटला; तो ज्यात होता ते हायड्रोक्लोरिक आम्ल ऑक्सिडक. क्लोरीन दोन्हीकडे −१, त्याचा काही संबंध नाही. मँगनीज डायऑक्साइड आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल तापवलं की मँगनीज क्लोराइड, क्लोरीन वायू आणि पाणी मिळतं. मँगनीज +४ वरून +२, घटला. मँगनीज डायऑक्साइड ऑक्सिडक. क्लोरीन −१ वरून ०, वाढला. हायड्रोक्लोरिक आम्ल क्षपणक. इथे हायड्रोजन +१ चा +१ च राहिला. पाहिलंस? पहिल्या अभिक्रियेत आम्लातला हायड्रोजन कामाला आला, दुसरीत क्लोरीन. रेणू तोच, काम करणारा अणू वेगळा, म्हणून भूमिका वेगळी.

दुसऱ्या समीकरणात थोडं आणखी थांब, कारण प्रवेश परीक्षांत नेमकं हेच विचारता येतं. समतोल समीकरणात आम्लाचे ४ रेणू आहेत. त्यांतल्या फक्त २ रेणूंचा क्लोरीन वायू झाला. उरलेल्या २ रेणूंचं क्लोराइड −१ वरच राहून मँगनीज क्लोराइडमध्ये गेलं. म्हणजे ४ पैकी २ रेणू क्षपणक म्हणून वागले आणि २ नुसते आम्ल म्हणून. पडताळा असा घ्यायचा : मँगनीजची घट २, क्लोरीनची वाढ प्रत्येकी १ आणि अणू दोन, म्हणजे २. एकूण घट आणि एकूण वाढ जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर अंक चुकला आहे किंवा समीकरण समतोल नाही; उत्तर लिहिण्याआधी हा पडताळा दहा सेकंदांत होतो.

'मँगनीज' लिहिल्याबद्दल गुण गेला तो योग्यच गेला. अंक अणूचा बदलतो, पण ऑक्सिडक किंवा क्षपणक हे नाव बाटलीत असलेल्या पदार्थाला मिळतं. मँगनीज हा धातू तिथे नव्हताच. तो असता तर आम्लासमोर उलट क्षपणक ठरला असता, म्हणजे उत्तराचा अर्थच फिरतो. आयनिक समीकरण दिलं असेल तर पूर्ण आयनाचं नाव लिही, परमँगनेट आयन किंवा डायक्रोमेट आयन. आणि दोन्ही नावं नेहमी बाणाच्या डाव्या बाजूची असतात. घाईत उजवीकडचं क्लोरीन किंवा हायड्रोजन लिहून गुण घालवू नकोस.

काही वेळा प्रश्नातच सापळा असतो, अभिक्रिया रेडॉक्स नसतेच. पोटॅशियम क्रोमेटच्या पिवळ्या द्रावणात आम्ल घातलं की ते नारिंगी होतं. रंग इतका ठळक बदलतो की हात आपोआप 'ऑक्सिडीकरण' लिहायला जातो. अंक काढ : क्रोमेटमध्ये क्रोमियम +६, डायक्रोमेटमध्येही +६. काहीच बदललं नाही. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंगही तसाच, तांबं दोन्हीकडे +२. घरातलं उदाहरण हवं तर काळवंडलेलं तांब्याचं भांडं चिंचेने घासतात ते घे. चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरचा काळा कॉपर ऑक्साइडचा थर विरघळवतं. तांबं +२ होतं, +२ च राहिलं, म्हणून ते रेडॉक्स नाही. याउलट काळे पडलेले चांदीचे पैंजण ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालतात, ते मात्र रेडॉक्स आहे. सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी +१ वरून ० होते आणि ॲल्युमिनियम ० वरून +३. ऑक्सिडक सिल्व्हर सल्फाइड, क्षपणक ॲल्युमिनियम. चिंच थर उतरवून टाकते, ॲल्युमिनियम त्या थरातली चांदी परत चांदीच करतं. चकाकी दोन्हीकडे येते, पण आतलं रसायन वेगळं.

यादी अगदीच निरुपयोगी नाही, फक्त ती का बनते हे कळायला हवं. एखादा अणू त्याच्या सर्वांत वरच्या अंकावर असेल तर तो आणखी वर जाऊ शकत नाही, त्याला खालीच यावं लागतं. म्हणून परमँगनेटमधला +७ मँगनीज, डायक्रोमेटमधला +६ क्रोमियम, नायट्रिक आम्लातला +५ नायट्रोजन हे ऑक्सिडकाचंच काम करतात. तळाला असलेला अणू वरच जाणार. अमोनियातला −३ नायट्रोजन, हायड्रोजन सल्फाइडमधलं −२ गंधक. आणि मधले अंक दोन्हीकडे जातात. सल्फर डायऑक्साइडमध्ये गंधक +४ आहे. हायड्रोजन सल्फाइडसमोर ते ० वर उतरतं, तेव्हा ते ऑक्सिडक. आम्लयुक्त डायक्रोमेटसमोर +६ वर चढतं, तेव्हा क्षपणक. या वायूने डायक्रोमेटमध्ये भिजवलेला गाळणकागद नारिंगीचा हिरवा होतो, कारण क्रोमियम +३ वर येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमधला −१ ऑक्सिजनही मधलाच. आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडसमोर तो −२ होतो आणि आयोडीन सुटतं. परमँगनेटसमोर तो ० होतो आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. पहिल्यात पेरॉक्साइड ऑक्सिडक, दुसऱ्यात क्षपणक. तुझ्या यादीत ते एकाच रकान्यात असेल तर ती यादी अपुरी आहे.

तरीही ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनं नेणाऱ्या वाहनांवर कधी शंकरपाळ्याच्या आकाराची पिवळी पाटी दिसेल : वर गोलावर पेटलेली ज्वाला, खाली ५.१ हा आकडा. ती ऑक्सिडकांची पाटी, आणि संहत हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच वर्गात मोडतं. मग भूमिका बदलते म्हणतो त्याचं काय? पाटीचा अर्थ एवढाच की सांडलं तर लाकूड, कापड, तेल अशा जळाऊ वस्तूंसमोर हा पदार्थ ऑक्सिडक म्हणून वागेल आणि आग भडकवेल. म्हणजे तिथेही समोर कोण आहे हे गृहीत धरलेलंच आहे.

एकच पदार्थ एकाच अभिक्रियेत दोन्ही भूमिका करतो तेव्हा मुलं गडबडतात. थंड, विरल कॉस्टिक सोड्यात क्लोरीन सोडला तर सोडियम क्लोराइड आणि सोडियम हायपोक्लोराइट होतं. क्लोरीन ० वरून एकीकडे −१ आणि दुसरीकडे +१. ऑक्सिडकही क्लोरीन, क्षपणकही क्लोरीन; कॉस्टिक सोडा दोन्ही नाही. सोडा गरम आणि संहत असेल तर क्लोराइडबरोबर क्लोरेट होतं, क्लोरीन +५ पर्यंत जातो, आणि मग दर सहा अणूंत पाच खाली उतरतात तेव्हा एक वर चढतो. पाच जणांनी प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घेतला, एकाने पाच दिले, हिशोब चोख.

याची उलट अभिक्रिया घरात घडू शकते आणि ती धोक्याची आहे. संडास-बाथरूम धुताना हायपोक्लोराइटचं ब्लीच आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं तर +१ आणि −१ दोन्ही क्लोरीन ० वर येऊन क्लोरीन वायू सुटतो. हायपोक्लोराइट ऑक्सिडक, आम्ल क्षपणक. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या छोट्या बंद बाथरूममध्ये एवढा वायू घसा आणि फुप्फुसांना इजा करायला पुरतो. दोन्ही एकाच दिवशी वापरायची वेळ आलीच तर आधीचं भरपूर पाण्याने पूर्ण वाहून जाऊ दे. घरच्यांनाही हे नक्की सांग.

अपूर्णांक आला की घाबरू नकोस. आयोडीन आणि सोडियम थायोसल्फेटच्या अभिक्रियेत गंधक सरासरी +२ वरून +२.५ वर जातं, कारण थायोसल्फेटचे दोन आयन जुळून चार गंधकांचा टेट्राथायोनेट होतो. वाढ अर्ध्याची असली तरी अणू चार, म्हणून एकूण २. आयोडीनच्या दोन अणूंची घटही २. थायोसल्फेट क्षपणक. गंमत अशी की आयोडीनच्या जागी क्लोरीन घेतला तर तोच थायोसल्फेट थेट सल्फेटपर्यंत, +६ पर्यंत जातो. क्लोरीन जास्त जोरकस ऑक्सिडक आहे म्हणून.

हा जोर मोजायला प्रमाण क्षपण विभव असतं, ते बारावीत येईल. आत्तापुरते थोडे आकडे व्होल्टमध्ये : फ्लोरीन २.८७, आम्लयुक्त परमँगनेट १.५१, क्लोरीन १.३६, डायक्रोमेट १.३३, ब्रोमीन १.०९, फेरिक आयनचं फेरस होताना ०.७७, आयोडीन ०.५४. आकडा मोठा, तितकी इलेक्ट्रॉन ओढायची ताकद जास्त. फेरिक आयन आयोडाइडचं आयोडीन करतो पण ब्रोमाइडला काही करू शकत नाही, ते या ओळीतूनच दिसतं.

याच आकड्यांवर बारावीचं परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणाला दुसरं किती लागतं ते थेंबाथेंबाने मोजणं) उभं आहे, तेव्हा आत्ताच समजून घेतलंस तर पुढच्या वर्षी सोपं जाईल. परमँगनेट ब्युरेटमध्ये, आणि फ्लास्कमध्ये मोहर्स सॉल्ट म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, किंवा ऑक्झॅलिक आम्ल. मँगनीज +७ वरून +२, पाच इलेक्ट्रॉन घेतो. लोह +२ वरून +३, एक देतो. म्हणून एका परमँगनेटला पाच लोह. ऑक्झलेटमधला कार्बन +३ वरून +४, दोन कार्बन मिळून दोन इलेक्ट्रॉन, म्हणून २ परमँगनेटला ५ ऑक्झलेट. ०.१ मोलर मोहर्स सॉल्टचं १० मिलिलिटर द्रावण घेतलं तर ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर १० मिलिलिटर लागतं, ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलिलिटरला २० मिलिलिटर. तयार द्रावण न मिळता वजन करून बनवायचं असेल तर ०.१ मोलरच्या २५० मिलिलिटरला मोहर्स सॉल्ट ९.८ ग्रॅम, स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल ३.१५ ग्रॅम. मोहर्स सॉल्ट नुसत्या पाण्यात नाही, विरल सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवायचं, नाहीतर जलअपघटन होऊन द्रावण गढूळ होतं.

आम्ल सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं, १.५१ आणि १.३६ पुन्हा पाहा. परमँगनेट दुसरीकडे खर्च होतं आणि ब्युरेटचं रीडिंग जास्त येतं. नायट्रिक आम्ल स्वतः ऑक्सिडक, ते लोहाचा काही भाग आधीच फस्त करतं आणि रीडिंग कमी येतं. सल्फ्युरिकमधलं गंधक +६ वर, त्याला चढायला जागा नाही, आणि विरल असताना ते ऑक्सिडक म्हणूनही वागत नाही. आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा दिसतो. तो मँगनीज डायऑक्साइड. मँगनीज +२ पर्यंत न उतरता +४ वर अडकला, पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतले. ते रीडिंग टाकून द्यायचं आणि पुन्हा करायचं, मध्येच आम्ल ओतून सावरायला जायचं नाही.

ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचं. तरी पहिल्या काही थेंबांचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, आणि तिथेच मुलं शेवटचा बिंदू आला असं समजून थांबतात. अभिक्रियेत तयार होणारा मँगनीज आयनच पुढे उत्प्रेरकाचं काम करतो, त्यामुळे जरा वाट पाहिली की रंग झपाट्याने जाऊ लागतो. मोहर्स सॉल्ट मात्र गरम करायचं नाही, हवेतला ऑक्सिजन फेरसचं फेरिक करतो. वेगळा दर्शक लागत नाही. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की झालं. आणि परमँगनेट इतकं गडद असतं की खालची वक्र कडा दिसतच नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं, सुरुवातीचंही आणि शेवटचंही.

सरावाला सहा अभिक्रिया देते. उत्तर झाकून आधी वहीत अंक मांड. सोडियम आणि पाणी : सोडियम क्षपणक, पाणी ऑक्सिडक, आणि पाण्यातल्या दोनपैकी एकाच हायड्रोजनचा अंक बदलतो. फेरिक क्लोराइड आणि हायड्रोजन सल्फाइड : फेरिक क्लोराइड ऑक्सिडक, सल्फाइड क्षपणक. संगमरवर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल : बुडबुडे कितीही आले तरी रेडॉक्स नाही. कॅल्शियम हायड्राइड आणि पाणी : हायड्राइडचा −१ हायड्रोजन आणि पाण्याचा +१ हायड्रोजन दोन्ही ० वर येतात, हायड्राइड क्षपणक, पाणी ऑक्सिडक. लेड नायट्रेट तापवणं : नायट्रोजन +५ वरून +४, ऑक्सिजन −२ वरून ०, म्हणून दोन्ही भूमिका लेड नायट्रेटच्याच, शिसं +२ वरच राहतं. शेवटचं, तांबं आणि संहत नायट्रिक आम्ल. समतोल समीकरणात आम्लाचे ४ रेणू येतील. त्यांतले ऑक्सिडक म्हणून किती वागले ते मँगनीज डायऑक्साइडच्या उदाहरणासारखंच शोध. २ आले तर बरोबर. ४ आले असतील तर कॉपर नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा अंक पुन्हा काढ.